अंधाऱ्या मंदिरात मोबाईलने स्पष्ट फोटो कसा काढायचा?

परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यातलं चारठाणा जुन्या मंदिरांसाठी ओळखलं जातं. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आतल्या शिल्पांचे ३० फोटो काढले. घरी येऊन झूम केलं, तर एकही कामाचा नाही! काही हललेले, बाकीच्यांवर नुसते दाणे.

असं का होतं? उजेड कमी असला की फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि आयएसओ वाढवतो. पहिल्यामुळे हात हललेला दिसतो, दुसऱ्यामुळे दाणे येतात.

ट्रायपॉड: सगळ्यात आधी हाच घ्या. फोन स्थिर असला की प्रो मोडमध्ये आयएसओ ३२०० वरून १०० वर आणा आणि शटर १/१५ वरून २ सेकंद करा. फोटो तेवढाच उजळ येतो, दाणे मात्र खूप कमी. प्रो मोड नसेल तर नाईट मोड वापरा.

रिमोट: बटण दाबतानाही फोन हलतो. ब्लूटूथ रिमोट घ्या, नाहीतर ३ सेकंदांचा टायमर लावा. तो फुकट आहे.

एलईडी लाईट: फ्लॅश बंदच ठेवा. समोरच्या प्रकाशात सावल्या जातात, शिल्प सपाट दिसतं. छोटा लाईट किंवा मित्राच्या फोनचा टॉर्च बाजूने, तिरपा धरा. कोरीवकाम लगेच उठून दिसतं.

स्वस्त क्लिप-ऑन लेन्सवर पैसे घालवू नका. कडा धूसर येतात.

दगड झिजतो, मूर्तीवर शेंदराचे थर चढतात. तुमचा आजचा स्पष्ट फोटो उद्या त्या शिल्पाची नोंद ठरू शकतो. म्हणून पुढच्या वेळी ट्रायपॉड विसरू नका!