यंत्राच्या पडद्यावर ‘ध’चा ‘मा’ नको

इटलीतल्या बोलोन्या शहराच्या आसपास पुड्या भरून बंद करणारी यंत्रे बनविण्याचे पुष्कळ कारखाने आहेत. ही यंत्रे आता संगणकावर चालतात आणि काम करणाऱ्याला पडद्यावरून सूचना देतात. यंत्र आयर्लंडला विकले, की सूचना इंग्रजीत हव्यात. मग भाषांतरकार शोधायचा कसा?

आधी धोका पाहा. ‘एव्हेन्तुआल्मेन्ते’ या इटालियन शब्दाचा अर्थ ‘गरज पडल्यास’. इंग्रजीत तसाच दिसणारा ‘इव्हेन्च्युअली’ म्हणजे ‘सरतेशेवटी’. ‘गरज पडल्यास यंत्र बंद करा’ याचे ‘सरतेशेवटी बंद करा’ झाले, तर कुणाचा हात जायचा! आकड्यांचेही तसेच. इटलीत १.५०० म्हणजे दीड हजार. इंग्रजी वाचणारा ते दीड समजतो.

म्हणून पहिली गोष्ट, ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे आणि इटालियन ज्याला पक्की येते, असा माणूस पाहावा. आपण आपल्या भाषेतच बिनचूक लिहितो, नाही का? अशी स्वतंत्र काम करणारी माणसे व्यावसायिक संस्थांच्या यादीत सापडतात. इटलीत १९५० साली, तर ब्रिटनमध्ये १९८६ साली भाषांतरकारांची अशी संस्था निघाली.

दुसरी गोष्ट, परीक्षा घ्यावी. वीसपंचवीस सूचना द्याव्यात, पण त्या कामाचे पैसेही द्यावेत. फुकटच्या परीक्षेला चांगला कारागीर कशाला बसेल? सूचनांत महिरपी कंसातल्या खुणा असतात. तिथे यंत्र स्वतः आकडा भरते. त्या खुणा जशाच्या तशा राखणारा माणूस खरा.

तिसरी गोष्ट आपल्याकडची. नुसती शब्दांची यादी पाठवू नये. ‘स्ताम्पा’ म्हणजे ‘छापा’ आणि ‘वृत्तपत्रे’सुद्धा. शब्द कुठल्या बटणावर आहे, जागा किती आहे, हे चित्रासह कळवावे. ठरलेल्या शब्दांची सूचीही सोबत द्यावी.

शेवटी, एकाने केलेले काम दुसऱ्या जाणत्याने मुळाशी ताडून पाहावे. २०१५ साली निघालेल्या भाषांतराच्या आंतरराष्ट्रीय मानकातही ही अट आहे. आज संगणक स्वतःच क्षणात भाषांतर करून देतो; तरी ही तपासणी सोडू नये. पडद्यापुढे उभा असलेला कामगार मूळ भाषा जाणत नाही. त्याचा सारा भरवसा त्या एका ओळीवर असतो.