टोचणारा स्वर आणि ॲम्प्लिफायरची निवड

१९५३ पासून पुण्यांत भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवांत ज्यांनीं तानपुऱ्याची आस मनसोक्त ऐकली आहे, त्यांच्या कानाला घरच्या स्टीरिओवर तोच तानपुरा कधीं कधीं टोचूं लागतो. गाणें लावतांच घरांतील कोणी तरी उठून आवाज कमी करतें, आणि हळूहळू ऐकणेंच सुटतें. अशा वेळीं स्पीकर तेज आहेत, त्यांना मऊ स्वराचा महागडा ॲम्प्लिफायर जोडा, असा सल्ला मिळतो. तो खर्च करण्यापूर्वी दोषाचें मूळ कोठें आहे हें पाहणें शहाणपणाचें होय.

मनुष्याचा कान सुमारें २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यांत सर्वाधिक संवेदनशील असतो. तेथें स्पीकरनें दोन-तीन डेसिबल जरी अधिक दिले, तरी तारांची जवारी बोचूं लागते. चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर मात्र सर्व श्राव्य स्वरांना जवळजवळ सारखीच वाढ देतो. तेव्हां अशा दोन यंत्रांची अदलाबदल केल्यानें स्पीकरचा स्वभाव पालटत नाहीं.

व्हॉल्व्हच्या यंत्राची गोष्ट निराळी. स्पीकरचा विद्युत्-अवरोध, म्हणजे इंपिडन्स, सर्व स्वरांना सारखा नसतो. समजा, तो एके ठिकाणीं ४ ओहम व दुसरीकडे १६ ओहम आहे. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अवरोध ०.०५ ओहम असेल, तर या दोन ठिकाणच्या पातळींत एक-दशांश डेसिबलहि फरक पडत नाहीं. २ ओहम असेल, तर सुमारें अडीच डेसिबल पडतो. जेथें स्पीकरचा अवरोध अधिक, तेथें स्वर चढतो. म्हणून उंच स्वरांकडे ज्याचा अवरोध उतरतो, तो स्पीकर अशा यंत्रानें मवाळ होईल. ज्याचा चढतो, तो अधिकच टोचेल.

खरी जपावयाची गोष्ट म्हणजे शक्ति. तबल्याची थाप सरासरी पातळीच्या १५ डेसिबल वर गेली, तर त्या क्षणीं सुमारें ३२ पट शक्ति लागते. सरासरी २ वॅट असतील, तर ६४. यंत्र तेवढी देऊं न शकल्यास लहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ गायनांत नसलेले उंच उपस्वर उत्पन्न होतात. तेज स्पीकर नेमके तेच ठळक करून ऐकवितो. यास्तव ॲम्प्लिफायर पुरेशा शक्तीचा व स्पीकरच्या किमान ओहमांना पेलणारा असावा.

दोषाचा मोठा वाटा पुष्कळदां खोलीचा असतो. महोत्सवाच्या कापडी मंडपांत स्वर फारसा परतत नाहीं. सदनिकेंतील गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या भिंती व खिडक्यांच्या काचा मात्र तो परतवून लावतात. जमिनीवर जाड गालिचा आणि खिडक्यांना जड पडदे घालून पाहावें. उंच स्वर सरळ रेषेंत पुढें जातात. म्हणून स्पीकरचें तोंड कानावरून किंचित् बाजूला वळवावें. ट्रेबलची कळ दोन-तीन डेसिबल उतरविण्यांत कमीपणा मानूं नये.

एवढें करूनहि टोचणी राहिली, तर नवा ॲम्प्लिफायर विकत घेण्याआधीं घरीं आणून, दोन्हींचा आवाज अगदीं सारखा ठेवून, ओळखीच्या गायनावर तुलना करावी. कारण किंचित् मोठा आवाज कानाला बहुधा अधिक चांगला भासतो. तरीहि फरक न जाणवल्यास पैसे स्पीकर बदलण्यासाठीं राखून ठेवावे.