मोटारीची बैठक आणि तिची ऊब

मोटार जुनी झाली म्हणजे मालक यंत्राची चौकशी करतो, चाकांची करतो. ज्या बैठकीवर तो तासन्‌तास बसतो तिची आठवण त्याला पाठ दुखू लागल्यावर होते. जबलपूरच्या घमापुरासारख्या वस्तीत तरी असे होऊ नये. याच शहरातील तोफगाडी कारखान्यातून १९५९ साली पहिला ‘शक्तिमान’ ट्रक बाहेर पडला. पुढे येथेच लष्करासाठी ‘जोंगा’ गाडी तयार झाली. तिच्या नावातले पहिले अक्षरही जबलपूरचेच आहे.

बैठक झिजते ती आतून. वरचे रेक्झिन फाटलेले दिसते; पण त्याआधीच खालच्या स्प्रिंगा ढिल्या पडलेल्या असतात, तागाचे कापड कुजलेले असते आणि काथ्याचा किंवा फोमचा थर चुरा होऊन एका बाजूला सरकलेला असतो. अशा बैठकीवर नुसते नवे कव्हर चढवणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणे होय. जाणता कारागीर प्रथम बैठक गाडीतून काढतो, तारेचे वळे कापून जुने कव्हर सोडवतो आणि त्याची शिवण काळजीपूर्वक उसवतो. हे जीर्ण तुकडे तो टाकून देत नाही. नव्या कापडावर खडूने आखणी करण्यासाठी त्यांच्याइतका विश्वासू नमुना दुसरा नसतो. मग सांगाड्याचा गंज खरवडून तो रंगवणे, तुटकी स्प्रिंग बदलणे, तिच्यावर जाड कापड व त्यावर फोम बसवणे, हा क्रम. फोम फार मऊ घेण्याचा मोह टाळावा. दुकानात सुखद वाटणारी गादी मंडल्यापर्यंतच्या प्रवासात तळाला टेकते.

बैठकीत ऊब आणण्याची सोय १९६६ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत मिळू लागली. तिचे तत्त्व विजेच्या शेगडीचेच. फोम आणि कव्हर यांच्यामध्ये रोधक तारेची किंवा कार्बन तंतूंची पातळ चटई असते. बारा व्होल्टच्या गाडीत अठ्ठेचाळीस वॉटची चटई चार अँपिअर प्रवाह घेते. दोन बैठकांना आठ. म्हणून तिला स्वतंत्र फ्यूज हवा, आणि किल्ली बंद होताच तिचा प्रवाहही बंद झाला पाहिजे. उष्णता आवरणारा थर्मोस्टॅट नसलेली स्वस्त चटई घेऊच नये. मधुमेहाने वा मज्जारज्जूच्या इजेने ज्यांची त्वचा बधिर झाली आहे, त्यांना चटका कळत नाही. अशांना बैठकीनेच भाजल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. वृद्ध वडिलांच्या सुखासाठी हौसेने केलेली सोय त्यांनाच बाधू शकते.

जबलपुरात डिसेंबर-जानेवारीतली पहाट बोचरी असते, हे खरे. तथापि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचे रेक्झिन याहून अधिक छळते. तेव्हा पैसा मोजकाच असेल, तर तो आधी हवा खेळती ठेवणाऱ्या कापडावर खर्चावा.

नव्या गाड्यांत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. काहींच्या बैठकीच्या कडेला अपघातात फुगणारी हवेची पिशवी दडलेली असते, आणि तिथली शिवण वेळेवर फाटावी अशीच घातलेली असते. तीवर पक्की शिवण मारल्यास पिशवी अडते. तसेच बॅटरी सोडवल्याशिवाय त्या तारांना हात लावू नये.

चटईची परीक्षा कव्हर चढवण्यापूर्वी घ्यावी. पंधरा मिनिटे प्रवाह चालू ठेवून तळहात सर्वत्र फिरवावा. एखादी जागा इतरांहून तापलेली आढळली, तर चटई बदलून घ्यावी. कव्हर चढल्यावर हे ध्यानात आले, तर सारे वळे पुन्हा कापावे लागतात.