ठेवा जपताना – भाग ६ : कडी लावलेला रुपया

पोथ्यांना लागणाऱ्या कसरीवरचा मागचा भाग वाचून हिंगोलीतल्या एका ताईंनी मला घरी बोलावले आणि आजेसासूबाईंचा रुपया हातावर ठेवला. चारमिनारी, चांदीचा. वरच्या कडेला माळेत ओवायला झाळून बसवलेली कडी आणि खाचांत वर्षानुवर्षांच्या लक्ष्मीपूजनाची हळद. ताईंनी विचारले, "कडी काढून, चिंचेने घासून दिला तर भाव चांगला येईल का?"

नाही येणार. उलट, जो येईल तोही जाईल.

हा हाली सिक्का. हिंगोली निझामाच्या राज्यात होती, छावणीमुळे इंग्रजांचा कलदारही इथे चाले, आणि जुनी माणसे हिशेबात दोन्ही वेगळे धरत. हालीचे वजन ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी शेकडा ८२ च्या आसपास, कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी जवळपास ९२. म्हणूनच शंभर कलदारांना ११६-११७ हाली मोजावे लागत. चारमिनारचे चित्र १९०३च्या सुमारास निझाम मीर महबूब अली खानांच्या नाण्यांवर आले. मधल्या कमानीत भिंगाने पाहा. 'मीम' अक्षर असेल तर नाणे महबूब अलींचे, 'ऐन' असेल तर त्यांच्यानंतरचे निझाम उस्मान अली यांचे. उस्मान अलींच्या सुरुवातीच्या नाण्यांवर ऐन अर्धवट आहे, नंतरच्यांवर पूर्ण. संग्राहक या एवढ्याशा रेषेसाठी जीव टाकतात, आणि घासताना पहिली तीच बोथट होते.

चिंचेच्या आंबटाने, पितांबरीने किंवा राखेने नाणे लखलखते खरे, पण टाकसाळीतून निघताना त्यावर असलेले मूळ तेज कायमचे जाते. हालीत तांबे जास्त, त्यामुळे पंचामृतातले दही नीट धुतले गेले नाही तर हिरवट डागही लवकर पडतात. पूजा जरूर करा. मात्र ताटात दुसरे एखादे नाणे ठेवा.

भावाचा विषय निघाला की ग्रेडिंगही आलेच. ग्रेडिंग म्हणजे त्रयस्थ तज्ज्ञांनी वस्तू अस्सल आहे का हे तपासून तिच्या स्थितीला गुण देणे आणि ती सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे 'स्लॅब'मध्ये घालणे. नाण्यांसाठी १ ते ७० ही मोजपट्टी वापरतात. तिचे मूळ विल्यम शेल्डन यांच्या १९४९ च्या पुस्तकात आहे. ६० पासून पुढे न वापरलेली नाणी. घासलेल्या किंवा कडी काढलेल्या नाण्याला मात्र आकडाच देत नाहीत. अस्सल आहे एवढे सांगून दोष लिहितात. झाळकामाची खूण कडी काढली तरी राहतेच, म्हणून काढण्यात काहीच हशील नाही.

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांच्या जुन्या पत्त्यांचेही असेच ग्रेडिंग होते. पीएसए या संस्थेने १९९१ मध्ये पहिला गुणांक दिला तो होनस वॅग्नरच्या प्रसिद्ध पत्त्याला, दहापैकी आठ. पुढे, २०१३ मध्ये, तो पत्ता पूर्वी विकणाऱ्या बिल मास्ट्रोने त्याच्या कडा आपणच कापल्याची कबुली दिली. तज्ज्ञांच्या नजरेलाही मर्यादा असते, म्हणून डबीवरचा आकडा वाचण्याआधी वस्तू पाहावी, असे मला मनापासून वाटते.

आणि खराब झालेली वस्तू म्हणजे टाकाऊ, असेही नाही. २० मे १९२२ रोजी 'इजिप्त' हे मुंबईकडे निघालेले जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाले. सोन्याचांदीबरोबर त्यात निझामासाठी छापलेल्या नोटाही होत्या. पुढच्या दशकात इटालियन पाणबुड्यांनी माल वर काढला तेव्हा त्या नोटाही वर आल्या. दहा वर्षे समुद्राच्या तळाशी पडलेल्या त्या डागाळलेल्या कागदांना आज संग्राहक हौसेने जपतात, कारण ते कुठून आले हे ठाऊक आहे. कुणाकडे निझामाची नोट असेल तर लॅमिनेशन आणि चिकटपट्टी दोन्ही टाळा.

नाणे ग्रेडिंगसाठी परदेशी पाठवण्याआधी कायदा बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते, आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. शेतात नांगराला लागलेले नाणे असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते.

घरी ठेवताना नाणे कडेने धरा. मऊ, वासाच्या प्लास्टिकचे अल्बम नकोत. त्यांतल्या पीव्हीसीने नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. रबरबँडमधल्या गंधकाने चांदी काळी पडते. पॉलिएस्टरची खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट, तिच्यावर कागदी पाकीट आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी, एवढे पुरे.

ताईंनी रुपया कडीसकट परत ठेवला. पाकिटावर पेन्सिलीने आजेसासूबाईंचे नाव आणि माहेरचे गाव लिहिले. लग्नाचे साल थोरल्या जाऊबाईंना विचारून घालणार आहेत. तेवढी जागा मोकळी सोडली आहे.