रणांगणानंतर – लेखांक ९ : फोन कोणी करावयाचा?

गेल्या लेखांकाच्या अखेरीस झोपेच्या औषधांविषयी सविस्तर लिहिण्याचे कबूल केले होते. परंतु मधल्या आठवड्यात लालबागहून एका वाचक भगिनीचे जे पत्र आले, त्यातील प्रश्न इतका नेमका आणि त्याचे उत्तर इतक्या घरांच्या उपयोगी पडणारे आहे, की औषधांचे प्रकरण तहकूब ठेवून हा सबंध लेखांक त्या पत्राच्या हवाली करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. पत्राचा आशय असा : वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, काश्मीरमध्ये त्यांच्या दोन नेमणुका झाल्या, आज ते स्वतःच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक घेऊन एका बँकेत पहारा करतात, रात्रपाळी आपण होऊन मागून घेतात, आणि दिवसा पाठ टेकली तरी तासाभराने उठून दाराची कडी चाचपून येतात. मनाच्या आरोग्यासाठी दूरध्वनीवर मदत मिळते, त्या सेवेचा आम्ही मागे दिलेला १४४१६ हा क्रमांक मुलीने कागदावर लिहून देव्हाऱ्याशेजारी चिकटवला. वडिलांनी तो वाचला, हा वेड्यांचा नंबर माझ्यासाठी काय, असे विचारले, आणि कागद काढला मात्र नाही. आता मुलीचे विचारणे असे की, हा फोन केल्यास बंदुकीचा परवाना जाईल काय, आणि पेन्शनीला धक्का लागेल काय?

प्रथम पेन्शनीचे. सैनिकाची निवृत्तिवेतनाची रक्कम ही पुऱ्या केलेल्या नोकरीची कमाई असून, निवृत्तीनंतर त्याने कोणत्या दुखण्यासाठी कोणत्या वैद्याची पायरी चढावी ह्याच्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. उलट २००३ पासून जी अंशदायी आरोग्य योजना माजी सैनिकांसाठी सुरू आहे, त्या ई. सी. एच. एस.च्या कार्डावर मनोविकारांचेही उपचार होतात.

परवान्याचा मामला थोडा नाजूक आहे, आणि तेथे वडिलांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १४ व्या कलमान्वये विकल मनाच्या माणसाला परवाना नाकारता येतो, आणि २०१६ च्या नियमांनी अर्जासोबत शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला मागितला आहे. परंतु झोप न लागणे, दचकून उठणे, गर्दीत जीव गुदमरणे ही काही कायद्याला अभिप्रेत असलेली विकलता नव्हे. आणि फोनवर घेतलेला सल्ला हा दाखलाही नव्हे, की जो आपोआप पोलीस आयुक्तांच्या दप्तरी जाऊन पडावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरविलेला आहे. त्याला अपवाद आहेत, आणि ते लपविण्यात अर्थ नाही : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला प्रत्यक्ष धोका दिसला, तर ऐकणाऱ्याला गप्प बसता येत नाही. म्हणूनच जोडीला एक सूचना करतो. ज्या दिवसांत मन फार उद्विग्न असेल, त्या दिवसांत बंदूक खाटेखाली न ठेवता परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवण्यास द्यावी. अशी सोय असते, आणि ती वापरल्याने कोणाचीही अब्रू जात नाही.

हा झाला प्रश्नाचा कायदेशीर खुलासा. पण एवढ्याने वडील फोन उचलतील असे मला वाटत नाही. कारण परवान्याची भीती ही वरची भीती आहे. तिच्या तळाशी पलटणीत मुरलेली दुसरी एक जुनी भीती आहे, आणि नियमित वाचकांना ती सांगण्याची आवश्यकता नसली तरी तिचा तपशील पाहण्यासारखा आहे. लष्करात प्रत्येक जवानाची वैद्यकीय प्रतवारी पाच अक्षरांत मांडलेली असते. ती जुळवून 'शेप' असा शब्द होतो, आणि धडधाकट माणूस स्वतःला 'शेप वन' म्हणवून घेतो. कान, हातपाय, सर्वसाधारण शरीर आणि डोळे ह्यांची अक्षरे मागून येतात. पहिले अक्षर, 'एस', मनाचे. त्या अक्षरापुढचा एकाचा आकडा बदलला की 'कॅटेगरी झाली', आणि एकदा कॅटेगरी झाली की बढती, चांगली नेमणूक, पुढचा कोर्स ह्या सर्वांवर तिची सावली पडते, हे प्रत्येक जवान रंगरूट असल्यापासून ऐकत आलेला असतो. पंधरा-वीस वर्षे जो माणूस त्या एका अक्षराला जपत आला, त्याने निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते जपणे सोडून द्यावे, अशी अपेक्षा करणेच मुळी चुकीचे आहे. पहिल्या महायुद्धातील कूतच्या वेढ्याविषयी मागे लिहिताना १०३, ११० आणि ११७ ह्या तिन्ही मराठा पलटणींची जी हकिकत आपण पाहिली, त्या काळी हे अक्षर नव्हते. गप्प बसण्याची रीत मात्र होतीच.

येथे माझ्या मते एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. पलटणीत आजारी पडणे ही कोणाची खासगी बाब नसते. सकाळी 'सिक रिपोर्ट' होतो. ज्याला बरे नाही त्याला एम. आय. रूममध्ये जावे लागते. आणि जो आपण होऊन जात नाही, त्याला त्याचा नायक किंवा सुभेदारसाहेब पाठवितात. म्हणजे डॉक्टरकडे जाण्यासाठी जवानाला स्वतः निर्णय करावा लागत नाही. त्याला हुकूम होतो, आणि हुकूम मानण्यात कमीपणा नसतो. चाळिशीच्या आगेमागे तो घरी येतो तेव्हा डॉक्टर नाहीसे होत नाहीत. मुंबईत तर पावलापावलावर आहेत. जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसाणी ह्यांनी सर्वसाधारण इस्पितळातच मनोविकारांचा विभाग काढला तो १९३८ साली, आणि परळच्या के. ई. एम.मध्ये डॉ. एन. एस. वाहिया ह्यांनी त्या विद्येची मोठीच परंपरा निर्माण केली. नाहीसा होतो तो पाठविणारा. लोक म्हणतात, फौजी मानी असतो म्हणून उपचार घेत नाही; मी म्हणतो, त्याला पाठविणारा कोणी उरलेला नसतो म्हणून तो घेत नाही.

परळ-लालबागच्या वस्तीला पेन्शनर फौजी काही नवे नाहीत. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ आपल्या मुलांना घेऊन मुंबईस आले ते परळच्या डबक चाळीत, आणि त्या मुलांतील भीमराव पुढे कोण झाले हे सांगावयास नको. त्या काळापासून आजतागायत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचा सुटलेला शिपाई मुंबईस येतो, गावच्या मंडळाच्या खोलीत पथारी टाकतो, खानावळीत जेवतो, आणि पूर्वी गिरणीच्या दरवाजावर, तर आता बँकेच्या, मॉलच्या नाहीतर एखाद्या मनोऱ्याच्या दरवाजावर उभा राहतो. विसर्जनाच्या दिवशी सुतळी बॉम्बने तो दचकला तर चाळीला कारण कळते. पण ओल्या ताडपत्रीच्या वासाने त्याचे जेवण का तुटते, किंवा रोकड नेणाऱ्या गाडीच्या डिझेलच्या धुराने त्याचे हात गार का पडतात, हे कोणाला कळत नाही, आणि पुष्कळदा त्याला स्वतःलाही कळत नाही.

अशा माणसाला दूरध्वनी हे साधन फार सोयीचे, हे सर्वांनाच पटेल : रांग नाही, खिडकी नाही, केसपेपरवर नाव पुकारले जाण्याची धास्ती नाही. परंतु गिरणगावात फोनचाही एक इतिहास आहे. ज्या पिढीने 'पी. पी. नंबर' वापरला, तिच्या मते फोन म्हणजे वाण्याच्या गल्ल्यावर, पाच माणसांच्या देखत, ओरडून बोलण्याची वस्तू होती; आज प्रत्येकाच्या खिशात यंत्र असले, तरी दहा बाय बाराच्या खोलीत बायको, मुले आणि आजी ह्यांच्यासमोर कोणता हवालदार आपले दुःख उकलून सांगणार? गॅलरीत शेजारी, जिन्यात पोरे, गच्चीला कुलूप. मी परिचयातल्या काही फौजींना विचारले, तेव्हा एकाने मोठे मार्मिक उत्तर दिले : रात्री एक ते पाच, बँकेच्या दाराशी. तेथे तो एकटा असतो, जागे राहणे हीच त्याची चाकरी असते, आणि जे मनात यावयाचे ते नेमके त्याच वेळी येते. चोवीस तास चालणाऱ्या सेवेचे खरे मोल ह्या चार तासांत आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच चालणारी सेवा ह्या माणसाच्या झोपेच्या वेळी उघडी आणि जागेपणी बंद असते.

फोनवर ऐकण्याच्या ह्या कलेचा उगमही ऐकण्यासारखा आहे. लंडनचे धर्मोपदेशक चॅड व्हारा ह्यांनी १९५३ साली आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी आपल्या चर्चमध्ये एक दूरध्वनी ठेवला, आणि भेटीस येणाऱ्यांची गर्दी वाढली तेव्हा त्यांना चहा-कॉफी देण्यासाठी काही साधी, अशिक्षित नव्हेत पण ह्या शास्त्रात अप्रशिक्षित, माणसे बसविली. थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आले की पुष्कळ लोक ह्या माणसांशी बोलून, मन मोकळे करून, व्हारासाहेबांना न भेटताच समाधानाने परत जातात. त्यातूनच समारिटन्स ही संस्था उभी राहिली. तिच्याच नावाची आणि रीतीची एक संस्था आपल्या दादरलाही आहे. शहाणपणाचे चार शब्द सांगणारा पुष्कळदा लागतच नाही. ऐकणारा लागतो, एवढा बोध मी त्यातून घेतो.

आता मूळ प्रश्न, फोन कोणी करावयाचा? अमेरिकेत इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांवर ह्याचा एक प्रयोग झाला, आणि त्याचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. आघाताची लक्षणे आहेत पण उपचार घेतलेला नाही, अशा सैनिकांना समुपदेशकांनीच फोन केला. दुखण्यावर उपचार न करता, उपचारांविषयी तुमची समजूत काय, तुम्हांला अडविते ते काय, एवढेच विचारले आणि त्या समजुतींशी आदराने वाद घातला. ज्यांना असा फोन गेला, त्यांच्यापैकी अधिक जण पहिल्या महिन्यातच उपचारांच्या दाराशी पोहोचले. मात्र सहा महिन्यांचा हिशेब मांडला, तेव्हा फोन गेलेले आणि न गेलेले ह्यांच्यातील अंतर मिटले होते. कोणी म्हणेल, मग उपयोग काय झाला? मला उलटा अर्थ दिसतो. एका फोनने माणूस लवकर उठतो, हे सिद्ध झाले; आणि एकच फोन करून थांबू नये, हेही सिद्ध झाले. पहिला महिना लवकर मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, कारण घरातील भांडण, दारू आणि नोकरी सुटणे ही सर्व संकटे अशाच महिन्यांत गाठतात.

आपल्याकडे केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक तोच १४४१६, फोन विनामूल्य, मराठीतून बोलता येते, आणि प्रथम प्रशिक्षित समुपदेशक ऐकतो, गरज पडल्यास तज्ज्ञाकडे सोपवितो. तिचाच एक खास कक्ष सैन्यदलांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी जनरल अनिल चौहान ह्यांच्या हस्ते दोन वर्षांच्या प्रायोगिक मुदतीसाठी उघडला गेला. लष्कराची रीत जाणणारा माणूस पलीकडे असणे ही फार मोठी गोष्ट आहे. 'पोस्ट', 'पेट्रोल', 'बडी' हे शब्द ज्याला समजावून द्यावे लागत नाहीत, त्याच्याशी बोलणे निम्मे सोपे होते. तरीही ह्या साऱ्या व्यवस्थेत पहिला फोन सैनिकाने करावयाचा आहे, आणि माझी हरकत नेमकी तेथे आहे.

माझी तजवीज साधी आहे. प्रत्येक पेन्शनरास वर्षातून एकदा, साधारणपणे नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे काय, ह्याची सरकार इतक्या काटेकोरपणे दरसाल चौकशी करते. त्याच नोंदीच्या आधाराने, त्याच महिन्यात, त्याला झोप कशी लागते हे विचारणारा एक फोन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून का जाऊ नये? फोन करणारा माजी सुभेदार असावा, शक्यतो त्याच पलटणीचा. त्याने मनाचे नाव प्रथम काढू नये. कंबर, गुडघा, झोप, जेवण ह्या क्रमाने यावे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा करतो असे सांगून खरोखरच पुन्हा करावा. कार्यालयांना मनुष्यबळ नाही, ही सबब मला ठाऊक आहे. पण गावोगावच्या माजी सैनिक संघटनांत रिकाम्या संध्याकाळी घालविणारे जाणते सुभेदार थोडे नाहीत.

सरकार हे करील तेव्हा करील. लालबागच्या भगिनीने तोवर दोन गोष्टी कराव्यात. वडिलांना फोन करावयास सांगणे तूर्त सोडून १४४१६ ला आधी तिनेच करावा. घरच्या माणसांचाही फोन तेथे घेतात, आणि घरात कसे वागावे, काय बोलू नये, ह्याचा सल्ला मिळतो. दुसरे म्हणजे वडिलांच्या पलटणीतील जो मित्र दसऱ्याला किंवा रेजिमेंटच्या दिवशी हटकून फोन करतो, त्याला गाठून सर्व हकिकत सांगावी, आणि त्याच्याकरवी वडिलांना एवढेच म्हणवावे : अरे, मी पण बोललोय त्यांच्याशी, उद्या रात्री ड्युटीवरून लाव. मित्र खरोखर बोललेला नसेल, तर त्याने आधी बोलून घ्यावे; त्यालाही बहुधा त्याची गरज असेल.

झोपेच्या औषधांचे राहिलेले प्रकरण पुढील आठवड्यात. परंतु कँटीनच्या कोट्यातील रमचा हिशेब मांडल्याशिवाय ते प्रकरण प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही, असे आता वाटू लागले आहे. तेव्हा प्रारंभ बहुधा बाटलीपासूनच होईल, आणि गोळ्यांसाठी वाचकांस आणखी एक आठवडा धीर धरावा लागेल.