राखणदारच उलटतात तेव्हा

एचआयव्ही म्हटले की खंगलेले शरीर आणि न हटणारा ताप एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. हा विषाणू मेंदूतही जातो, हे मात्र घरात कुणी बोलत नाही.

आमच्या नात्यातले एक अण्णा किराणा दुकानात तोंडी हिशेब करायचे. पन्नाशीच्या आतच ते सुटे पैसे मोजताना अडखळू लागले. चालणे मंदावले, हातातून पेला निसटू लागला, माणसांत बसणे नको झाले. कुणी आळस म्हटले, कुणी दारूवर ढकलले. त्यांच्या कानडी सासूबाईंनी 'मरेवु' म्हणून विषय मिटवला. खरे कारण रक्त तपासल्यावर कळले. औषधे सुरू झाल्यावर अण्णा बरेच सावरले, पण पूर्वीचा वेग आला नाही.

मला नवल वाटले ते पुढेच. हा विषाणू मेंदूच्या चेतापेशींत सहसा शिरत नाही. मग त्या मरतात कशाने? रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पडदा असतो. रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना मात्र तो ओलांडता येतो. विषाणू त्यांच्या पोटात बसून, लागण झाल्यावर काही आठवड्यांतच आत पोचतो. तिथे या पेशींचे मॅक्रोफेज बनतात. मेंदूतले कायमचे राखणदार, म्हणजे मायक्रोग्लिया, त्यांनाही लागण होते. या चिडलेल्या पेशी टीएनएफ-आल्फा, क्विनोलिनिक आम्ल यांसारखी द्रव्ये सोडत राहतात. त्यांनी चेतापेशींच्या फांद्या झडतात. कुंपणच शेत खाते, दुसरे काय! मृत रुग्णांच्या मेंदूंच्या अभ्यासात दिसले, की स्मृतिभ्रंशाची तीव्रता विषाणूच्या प्रमाणापेक्षा अशा चेतलेल्या मॅक्रोफेज पेशींच्या संख्येशी अधिक जुळते.

आपल्याकडे बहुतेक रुग्णांत विषाणूचा 'सी' उपप्रकार असतो. त्याच्या टॅट प्रथिनात एक छोटा फरक आहे. त्यामुळे ते मोनोसाइटना कमी ओढून घेते, असे बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील संशोधकांनी 2004 साली दाखवले. म्हणून निर्धास्त राहावे असे मुळीच नाही.

1996 नंतर एकत्रित औषधे आली आणि तीव्र स्मृतिभ्रंश खूप घटला. सौम्य विसराळूपणा, मंदपणा मात्र उपचार घेणाऱ्यांतही आढळतो. खरा पेच पुढे आहे. विसरणारा माणूस गोळीही विसरतो, गोळी चुकली की विषाणू वाढतो आणि विसरणेही वाढते. म्हणून गोळीची वेळ घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सांभाळावी. अण्णांच्या घरी वहिनी कॅलेंडरवर रोज खूण करतात.

सरकारी एआरटी केंद्रांतून 2004 पासून ही औषधे मोफत मिळतात. 2017 पासून सीडी-4 कितीही असो, निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. विसराळूपणा दिसला तर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. क्षयाचा मेंदूज्वर, थायरॉइड, बी-12 ची कमतरता अशी दुसरी कारणेही असू शकतात, आणि त्यांवर वेगळे उपचार आहेत.