ऐकणाऱ्याची मोजणी

मे महिन्यात सोलापुरात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की रिक्षावाल्यापासून शेजारच्या आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘जीव नकोसा झालाय बघा.’ ऐकून कुणी दचकत नाही. पाण्याचा तांब्या पुढे करतात, झालं. हेच वाक्य रात्री दोन वाजता हेल्पलाइनवर कुणी हळू आवाजात म्हटलं तर? शब्द तेच, पण हा माणूस नुसता कावलाय की खरंच धोक्यात आहे, ते पलीकडच्या समुपदेशकाला घटकाभरात ओळखायचं असतं.

असला फरक आकडेमोडीतून कळतो का? थोडाफार कळतो, आणि कसा कळतो ते वाचताना चाट पडायला होतं.

अमेरिकेत 2013 साली ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’ सुरू झाली. तिथे फोन नाही, मेसेज. संकटातल्या माणसाने लिहायचं, प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकाने उत्तर द्यायचं. बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं मागे उरतं. अशी संभाषणं ढिगाने साठल्यावर संगणकाकडून शोधून घेतलं, की कोणता शब्द आला म्हणजे पुढे तातडीची मदत पाठवायची वेळ येते. आपण म्हणू, ‘आत्महत्या’. पण तो शब्द तिथे पुष्कळ जण लिहितात. घरोघरी असणाऱ्या एका साध्या वेदनाशामक गोळीचं नाव त्याच्या 16 पट गंभीर इशारा ठरलं. मला यातून लागलेला अर्थ असा, की संकट अगदी जवळ आलं की माणूस मोठे शब्द सोडून देतो, हाताशी असलेल्या वस्तूंची नावं घेऊ लागतो.

मग तिथली रांगच बदलली. आधी आला तो आधी, हा नियम गेला. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत केसपेपरचा नंबर बघत बसत नाहीत, छातीत कळ आलेल्याला पुढे घेतात, तसंच.

याहून नवलाची गोष्ट 2016 मधली. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या टिम आल्थॉफ, केविन क्लार्क आणि युरे लेस्कोव्हेक यांनी अशाच मेसेज-सेवेतली, नावगाव काढून टाकलेली सुमारे 80 हजार संभाषणं तपासली. भिंग रोखलं ते मात्र ऐकणाऱ्यावर. संभाषण संपल्यावर ‘आता कसं वाटतंय?’ असं विचारलेलं होतं. (उत्तर सगळ्यांनी दिलेलं नाही, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.) ज्यांच्याशी बोलून लोकांना बरं वाटत होतं, ते समुपदेशक वेगळं काय करत होते? ठरावीक छापाची वाक्यं कमी वापरत होते. समोरच्याचं म्हणणं संदिग्ध असलं की घाई न करता ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का?’ असं ताडून बघत होते. अडचण लवकर समजून घेत, आणि उरलेला वेळ वाट शोधण्यात घालवत. त्यांच्याशी बोलता बोलता समोरच्याची वाक्यंसुद्धा हळूहळू काल-परवावरून उद्याकडे सरकत. गावातली एखादी शहाणी मावशी अगदी हेच करते. फक्त तिच्या शहाणपणाची कुणी मोजदाद ठेवली नव्हती.

आपल्या शेजारी, गोव्यात, अशी मोजदाद झाली आहे. 1996 पासून तिथे काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 नैराश्यग्रस्तांवर एक चाचणी घेतली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हत्या. शिकवून तयार केलेली साधी माणसं. आठवड्याला एक, अशा सहा ते आठ भेटी. नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, 0 ते 27 गुणांची, तीवर आजाराचा चढ-उतार मोजायचा. त्यातली मला सगळ्यात आवडलेली रीत अशी, की भेटींचं ध्वनिमुद्रण हे समुपदेशक एकत्र बसून ऐकत आणि एकमेकांना गुण देत. आपण कुठे मध्येच बोललो, कुठे ऐकायचं राहून गेलं, ते सहकाऱ्यांच्या देखत! तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले.

त्याच वर्षी विदर्भातलाही एक आकडा प्रसिद्ध झाला. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पानंतर नैराश्यग्रस्तांत उपचार मागणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तुलनेला दुसरी गावं नव्हती, तेव्हा सगळं श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. तरी सहापट म्हणजे सहापट.

आता सोलापूर. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या अंगाला कन्नड, शिवाय मराठी आणि दखनी. यंत्रमागावरच्या किंवा विड्या वळणाऱ्या बाईला मनातलं सांगायचं तर ती कोणत्या शब्दात सांगेल? ‘बेजार’ हा एकच शब्द घ्या. मराठीत बेजार झालेला माणूस हैराण असतो, कन्नडमध्ये ‘बेजारु’ म्हणजे उदास, दुखावलेला. शब्द एक, दुखणं वेगळं. अमेरिकन मेसेजांवर शिकलेल्या यंत्राला हे उमगायचं नाही. इथले शब्द इथेच, इथल्या माणसांकडून ऐकून वजन करावे लागतील.

आणि ते कुणाचे, हे विसरून चालणार नाही. त्याच ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’ने नावं काढलेली संभाषणं एका व्यापारी कंपनीला वापरू दिली होती. 2022 मध्ये ते उघड झालं, गदारोळ झाला आणि देवाणघेवाण बंद करावी लागली. रडताना बोललेलं वाक्य दुसऱ्याच्या धंद्याला लागावं, हे मला नाव काढूनही पटत नाही.

आपल्या देशात 10 ऑक्टोबर 2022 ला ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही तिची मध्यवर्ती संस्था. जवळच्या कुणाचं ‘जीव नकोसा झालाय’ तुम्हाला उन्हाचं वाटत नसेल, किंवा तुमचं स्वतःचंच तसं असेल, तर 14416 हा नंबर लावा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो. मराठी, तेलुगू की कन्नड, ते सुरुवातीलाच निवडता येतं.